दोन वाट्या खारीक म्हणजे किती ग्रॅम? डिंकाच्या लाडवांचा हिशेब नेमका कुठे चुकतो?

थंडीची चाहूल लागली की वर्ध्यातल्या किराणा दुकानांमध्ये खारीक, खोबरं, डिंक, गोडंबी यांची पोती पुढे येतात. आर्वी असो, हिंगणघाट असो की सेलू, डिंकाच्या लाडवांचं सामान या दिवसांत घरोघरी जातं. घरात बाळंतीण असेल तर थंडीचीही वाट कुणी बघत नाही. आणि इथेच दरवर्षी एक घोळ होतो. आजीच्या वहीत किंवा यूट्यूबवरच्या रेसिपीत लिहिलेलं असतं, 'दोन वाट्या खारीक, एक वाटी खोबरं, अर्धी वाटी डिंक'. दुकानदार विचारतो, 'पाव देऊ की अर्धा किलो?'

मग अंदाजानं काहीतरी सांगितलं जातं. अंदाज वर गेला तर महागाचा सुकामेवा डब्यात पडून राहतो. खाली आला तर सामान कमी आणि गूळ जास्त होतो, आणि लाडू एक तर दगडासारखे होतात किंवा वळताना फुटतात.

मोबाइलवर शोधलं तर एक कप बेदाण्याचे तीन ठिकाणी तीन आकडे मिळतात. गंमत म्हणजे तिन्ही बरोबर असू शकतात. प्रश्नच अर्धवट विचारलेला असतो. तो पूर्ण कसा विचारायचा, ते समजून घेऊ.

पाण्याची वाटी आणि बेदाण्याची वाटी

पाण्याचं सोपं आहे. १५० मिलिलिटरच्या वाटीत १५० ग्रॅम पाणी मावतं. दूध, तेल, तूप यांचा आकडा थोडा वेगळा, पण तो रोज तोच असतो, कारण पातळ पदार्थ वाटीचा कोपरान्‌कोपरा भरतो.

बेदाणे, बदाम, खारीक असं करत नाहीत. दोन बदामांच्या मध्ये फट राहते आणि त्या फटीत हवा असते. बदामानं भरलेली दिसणारी वाटी खरं तर बदाम आणि हवा यांचं मिश्रण असते, आणि त्यातली निदान एक तृतीयांश जागा हवेची असते. आपण मोजतो वाटी, पैसे देतो बदामाचे. हवा किती हे बदामाच्या आकारावर, तुकड्यांवर आणि वाटी भरणाऱ्या हातावर ठरतं.

हा विषय शास्त्रज्ञांनीही गांभीर्यानं घेतला आहे. एकसारख्या गोल गोळ्या डब्यात कशाही ओतून हलवल्या तर त्या साधारण ६४ टक्के जागा व्यापतात, उरलेली ३६ टक्के हवा. २००४ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 'एम अँड एम' चॉकलेटच्या चपट्या गोळ्यांवर हाच प्रयोग केला. त्या गोळ्या पूर्ण गोल गोळ्यांपेक्षा जास्त दाटीनं बसल्या, सुमारे ६८ टक्के जागा त्यांनी भरली. म्हणजे नुसता आकार बदलला तरी वाटीतलं वजन बदलतं.

सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेल्यांना हे वाचून खडीची लॅब आठवेल. तिथे एकाच खडीची 'बल्क डेन्सिटी' दोनदा काढतात. एकदा भांड्यात नुसती ओतून, एकदा सळईनं ठोकून बसवून. दोन्ही आकडे वेगळे येतात आणि दोन्ही वहीत लिहावे लागतात. पाककृती लिहिणारे दुसरा आकडा लिहीत नाहीत, एवढाच फरक.

वर्ध्याच्या माणसाला तर लॅबचीही गरज नाही. बैलगाडीभर दिसणारा कापूस आणि जिनिंगमधून दाबून निघालेली रुईची १७० किलोची गाठ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कापूस कुणी टोपलीनं विकत नाही, काट्यावरच विकतो. सुकामेव्याचंही तेच आहे, फक्त त्यातली हवा डोळ्यांना दिसत नाही.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेच्या कृषी खात्यानं आपल्या अन्नघटकांच्या माहितीत एका कपातल्या सुक्यामेव्याचं वजन दिलेलं आहे. तिकडचा कप सुमारे २३७ मिलिलिटरचा. तेच आकडे आपण १५० मिलिलिटरच्या वाटीत बसवले, तर साधारण असं येतं:

अख्खे बदाम: ९१ ग्रॅम
बदामाची पूड: ६० ग्रॅम
बेदाणे, सैल भरलेले: ९२ ग्रॅम
बेदाणे, दाबून भरलेले: १०५ ग्रॅम
खजुराचे तुकडे: ९३ ग्रॅम
काजू: ८७ ग्रॅम
अक्रोडाचे तुकडे: ७४ ग्रॅम
अक्रोडाची पूड: ५१ ग्रॅम
पिस्ते: ७८ ग्रॅम
सुकं अंजीर: ९४ ग्रॅम

यातली बदामाची जोडी नीट पाहा. बहुतेकांना वाटतं, पूड केली की फटी बुजतात, म्हणून वाटीत जास्त मावेल. होतं उलटं. मिक्सरमधून निघालेली पूड हलकी, फुललेली असते, कणाकणांत हवा अडकते. त्यामुळे एक वाटी अख्ख्या बदामांची पूड जवळपास दीड वाटी भरते. रेसिपीत 'एक वाटी बदाम पूड' असेल आणि तुम्ही एक वाटी बदाम मोजून सगळी पूड घातली, तर बदाम दीडपट गेले. खिशालाही दीडपट.

म्हणूनच शब्दांचा क्रम महत्त्वाचा. 'एक वाटी बदामाची पूड' आणि 'एक वाटी बदाम, पूड करून' या दोन वेगळ्या सूचना आहेत. पहिलीत आधी दळायचं मग मोजायचं, दुसरीत आधी मोजायचं मग दळायचं. रेसिपी लिहिणारे हा फरक पाळतातच असं नाही, पण निदान वाचणाऱ्यानं थबकून बघावं.

बेदाण्यात फरक हाताचा. सैल ओतले तर ९२, बोटांनी दाबले तर १०५. घरात कुणाला मधुमेह असेल तर हा फरक केवळ चवीचा राहत नाही. १०० ग्रॅम बेदाण्यात सुमारे ७९ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे त्याच वाटीत नुसत्या दाबण्यानं साधारण १० ग्रॅम कर्बोदकं वाढली. आहारतज्ज्ञ ग्रॅममध्ये सांगतात ते यासाठीच.

एक वाटी खोबरं, पण कोणती वाटी?

वरच्या यादीत आपल्या लाडवातले तीन मुख्य जिन्नस नाहीत. खारीक, सुकं खोबरं आणि डिंक. परदेशी तक्ते इथे फारसे कामाचे नाहीत, आणि खरा गोंधळ याच तिघांचा आहे.

सुक्या खोबऱ्यापासून सुरुवात करू. मराठीत खोबऱ्याच्या अर्ध्या भागालाच वाटी म्हणतात. त्यामुळे 'दोन वाट्या खोबरं' म्हणजे दुकानातून आणलेल्या खोबऱ्याच्या दोन वाट्या, की किसून झाल्यावर स्टीलच्या दोन वाट्या भरतील इतका कीस? जुन्या वहीत दोन्ही अर्थ निघू शकतात. खोबऱ्याची प्रत्येक वाटी लहान-मोठी असते आणि तिचा कीस किती भरेल हे किसणीवर ठरतं. बारीक किसणीचा कीस दाबून बसतो, जाड किसणीचा फुगून राहतो. भाजल्यावर तो आणखी मोकळा होतो. इथे आजी जवळ असेल तर तिलाच विचारावं, ते सगळ्यात खात्रीचं.

खारकेत दोन अडचणी. एक म्हणजे बी. दुकानदार बियांसकट तोलतो, रेसिपी बिया काढलेल्या खारकेबद्दल बोलत असते. खजुराच्या फळात बीचा वाटा साधारण १० ते १५ टक्के असतो, म्हणजे अर्धा किलोत ५० ते ७५ ग्रॅम बियाच. दुसरी अडचण आकाराची. अख्खी खारीक लांबट, कडक आणि वाकडी असते, ती वाटीत नीट बसतच नाही. चार खारका आडव्या पडल्या की वाटी भरल्यासारखी दिसते. तिचीच पूड केली की हिशेब पार बदलतो. म्हणून खारीक अख्खी असताना वाटीनं मोजूच नये.

आणि डिंक तर वाटीच्या मापाची थट्टाच करतो. कच्च्या डिंकाचे खडे मूठभर दिसतात, तुपात पडले की काही पटींनी फुलतात. वजन मात्र फुलत नाही, थोडं तूप तेवढं चढतं. त्यामुळे 'अर्धी वाटी डिंक' कच्चा की तळलेला, हे लिहिलेलं नसेल तर लाडवात डिंक फारच कमी किंवा भलताच जास्त होऊ शकतो. कच्चा डिंक ग्रॅममध्ये तोलून घेतला की हा प्रश्नच संपतो.

मग आजीचे लाडू कधीच कसे चुकले नाहीत?

कारण आजी वजन मोजतच नव्हती, ती प्रमाण मोजत होती. खारीक, खोबरं, गूळ, तूप, सगळं एकाच वाटीनं. वाटी १२० मिलिलिटरची असो की २०० ची, सगळ्यांचं एकमेकांशी नातं तेच राहतं, लाडू फक्त कमी-जास्त होतात. शिवाय वाटी तीच, किसणी तीच, भरणारा हातही तोच. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर मोजणीतली चूक दरवेळी सारखीच, म्हणून निकालही सारखाच.

गणित बिघडतं ते दोन पद्धती मिसळल्यावर. खारीक वाटीनं, गूळ किलोनं, तूप चमच्यानं, आणि रेसिपी दुसऱ्याच्या घरातली. आज नेमकं हेच होतं. त्यात 'कप'ची भर. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, आपल्याकडच्या मोजमापाच्या कपांवर कुठे २४० तर कुठे २५० लिहिलेलं असतं. टेक्सासमधली मावशी 'दोन कप' सांगते आणि वर्ध्यातली भाची चहाच्या कपानं मोजते, मग लाडू कुणाचे बिघडणार हे सांगायला नको.

वाटी-चमच्याची भाषा छापील मराठी पाककृतींमध्ये रुजवण्यात कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'चा मोठा वाटा आहे. १९७० मध्ये आलेल्या या पुस्तकानं घरात काटा नसलेल्या नव्या गृहिणीला वाट्या-चमच्यांत प्रमाण दिलं. अमेरिकेत असंच काम फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या पुस्तकानं केलं होतं. कप आणि चमचा भरल्यावर वरून सपाट करून मोजायचा, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे उलट शीग लावून माप देण्यात मोठेपणा मानला जातो. पाहुण्याला देताना शीग शोभते, रेसिपीत ती त्रास देते.

शेर वजनाचा की मापाचा?

हा घोळ आजचा नाही. जुन्या मराठी व्यवहारात 'शेर' हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी होता. धान्य मापायचा शेर वेगळा, त्याखाली मापटं, चिपटं, वर अधोली आणि चार शेरांची पायली. तोलायचा शेर वेगळा, ८० तोळ्यांचा. पायली हे आकारमान, त्यामुळे एक पायली ज्वारी आणि एक पायली तांदूळ यांचं वजन सारखं भरत नसे, आणि पायलीही गावागणिक बदलायची. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग उगाच आलेला नाही.

१९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आणि लिटर आले. पण वह्या बदलल्या नाहीत. तोलायचा शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे पणजीच्या वहीतला 'पावशेर बेदाणा' २३३ ग्रॅमचा, आजचा पाव किलो २५० चा. 'छटाक' म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम. लाडवात १७ ग्रॅमनं काही अडत नाही, पण वहीतला शेर वजनाचा की मापाचा हे आधी ठरवायला हवं. सुकामेवा, तूप, गूळ यांच्यापुढे शेर असेल तर तो बहुधा वजनाचा, धान्य-डाळीपुढे असेल तर मापाचा असण्याची शक्यता जास्त.

मोजून खाण्याच्या बाबतीत वर्ध्याचं नावही घ्यावं लागेल. सेवाग्रामला राहणाऱ्या गांधीजींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना 'आरोग्याची किल्ली' लिहिली. त्यात बैठं काम करणाऱ्याच्या दिवसभराच्या आहाराचा तक्ता आहे आणि तो सगळा वजनात आहे. गाईचं दूध २ पौंड, धान्य ६ औंस, सगळ्या भाज्या मिळून ९ औंस, तूप दीड औंस, गूळ किंवा साखर दीड औंस. आजच्या भाषेत धान्य १७० ग्रॅम, भाज्या २५५ ग्रॅम, तूप जेमतेम ४३ ग्रॅम. दूधसुद्धा त्यांनी पेल्यांत सांगितलं नाही, वजनात सांगितलं. ताज्या फळांना मात्र वजनाचं बंधन घातलं नाही.

वजनानं सगळं सुटतं का?

बरंचसं सुटतं, सगळं नाही. सुकामेवा हवेतली ओल घेतो आणि सोडतो. मे महिन्यात ४५ अंशांत वाळलेला बेदाणा आणि ऑगस्टच्या पावसात उघडा राहिलेला बेदाणा सारखा नसतो. हिशेब करून पाहा. एक किलो बेदाण्यात १५ टक्के पाणी असेल तर ८५० ग्रॅम खरा माल. ओल घेऊन पाणी १८ टक्के झालं तर तोच माल सुमारे १,०३७ ग्रॅम भरतो. पावसाळ्यात सुटा सुकामेवा घेताना तो बोटाला चिकट लागतो का ते बघावं, कारण त्या ३७ ग्रॅम पाण्याचेही पैसे आपणच देतो.

पण हा फरक पावणेचार टक्क्यांचा आहे. दाबून आणि सैल भरण्यातला फरक जवळपास १४ टक्क्यांचा होता. निवड करायचीच तर काटा बरा.

घरात काटा नसेल तर?

तरीही जमतं, आणि ही युक्ती कोणत्याही तक्त्यापेक्षा भरवशाची आहे. पाव किलोचं बंद पाकीट आणा. त्यातला सगळा माल तुमच्या नेहमीच्या वाटीनं, तुमच्या नेहमीच्या हातानं मोजा. २५० ला वाट्यांच्या संख्येनं भागा. बेदाणे पावणेतीन वाट्या भरले, तर तुमची एक वाटी सुमारे ९१ ग्रॅमची. हा आकडा वहीत त्या जिनसापुढे लिहून ठेवा. खारकेचं करताना मात्र बिया काढून, पूड करून मोजा, आणि पुढेही पूडच मोजा. दुसऱ्याच्या वाटीसाठी हा आकडा वापरू नका, तो तुमच्याच घरापुरता खरा.

काटा असेल तर आणखी सोपं. रिकामी वाटी ठेवा, टेअरचं बटण दाबा म्हणजे आकडा शून्यावर येईल, मग जिन्नस घाला. काटा बरोबर दाखवतो का अशी शंका आली तर मिठाचं एक किलोचं बंद पाकीट ठेवून पाहा. पिशवीमुळे आकडा किलोच्या किंचित वर दिसला पाहिजे. बराच खाली दिसला तर आधी काट्याची बॅटरी बदला.

लाडू विकायचे असतील तर

घरापुरता हा सोयीचा प्रश्न, पण बचत गटातून लाडू विकणाऱ्या महिलांसाठी तो पोटाचा आहे. बंद पाकिटावर निव्वळ वजन लिहिणं बंधनकारक आहे, आणि घन पदार्थाचं माप वजनातच द्यावं लागतं. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे पाकिटावरचे घटकही प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. पाककृती 'दोन वाट्या खारीक, तीन वाट्या कीस' अशी असेल तर आधी काय लिहायचं? वाटीनं पाहिलं तर खोबरं पुढे, काट्यावर ठेवलं तर कदाचित खारीक पुढे. सगळी पाककृती ग्रॅममध्ये उतरवली की हा क्रम आपोआप लागतो.

त्याहून मोठा फायदा भावाचा. माल किलोनं घ्यायचा, लाडू वाटीनं बनवायचे आणि किंमत नगावर लावायची, या तीन पायऱ्यांत नफा कुठे गळतो ते कळतच नाही. खारकेच्या बिया, गोडंबीचा चुरा, तळताना जिरलेलं तूप, हे सगळं एका घाण्यासाठी तोलून लिहिलं तर एका लाडवाचा खरा खर्च निघतो. पुढच्या खेपेला दुसऱ्या बाईनं लाडू वळले तरी चव आणि वजन तेच राहतं, आणि ऑर्डर दुप्पट झाली तर आकड्यांना दोननं गुणलं की काम झालं.

फक्त वेलची, जायफळ आणि सुंठ यांच्या मागे काटा घेऊन लागू नका. घरगुती काट्यावर एक-दोन ग्रॅमचा आकडा भरवशाचा नसतो. त्यांना चमचाच बरा, सपाट भरलेला.